तलावाचा अंक

मी त्या मासिकात शिरलो तो भांडण काढूनच. कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची नोकरी होती. लॅबचे डॉक्टर गाण्याचे शौकीन. पेशंट बसतात तिथल्या टेबलावर ते शास्त्रीय संगीताचं एक मराठी मासिक ठेवायचे, डोंबिवलीहून निघणारं. पेशंट त्याला हात लावायचे नाहीत. मी मात्र दुपारचा डबा खाताना दर महिन्याला ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचो. रागांवर लेख, मैफलींची परीक्षणं, जुन्या गवयांच्या आठवणी.

माझे वडील आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत हार्मोनियम वाजवायचे आणि गायचे. आम्ही बौद्ध. जयंतीला, लग्नात, कुणाच्या पुण्यानुमोदनाला वडिलांची पार्टी बसायची, आणि समोर रस्ता भरून माणसं ऐकायला. त्या गाण्याबद्दल ह्या मासिकात कधी एक ओळसुद्धा नसायची. एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी दोन पानी पत्र लिहून टाकलं. तुमच्या संगीतात आमचं गाणं येतं की नाही, असं सरळ विचारलं.

आठवड्याभरात पोस्टकार्ड आलं. "येतं. आम्हाला त्यातलं कळत नाही, तुम्हाला कळतं. लिहा." खाली संपादिकेची सही.

मी सुट्टीच्या दिवशी लेख घेऊनच डोंबिवलीला गेलेलो. जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत गाण्याचा क्लास, मागच्या खोलीत मासिक. दोन्ही एकच बाई चालवायच्या. तेव्हा साठीच्या असतील. सुती साडी, जाड चष्मा, आणि बोलणं इतकं स्वच्छ की मला आपलं कल्याणचं मराठी खिशात लपवावंसं वाटलं. सगळे त्यांना बाई म्हणायचे, मीही म्हणू लागलो. त्या मला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करतात, आजही.

त्यांनी लेख तिथंच वाचला आणि पेन्सिलीने खुणा करत गेल्या. 'काळजाला भिडणारा आवाज' ह्या शब्दांखाली रेघ मारून त्या म्हणाल्या, "हे तुम्ही ऐकलंत का?"

"म्हणजे काय, लहानपणापासून ऐकतोय."

"काळजाला भिडताना कसं ऐकू येतं? वडिलांचा आवाज जाड होता की बारीक? वरच्या पट्टीत फाटायचा का? शेवटची ओळ माणसं त्यांच्याबरोबर म्हणायची की नंतर? जे ऐकलंत ते लिहा. बाकीचं वाचणारा आपलं आपण ठरवेल."

मला राग आलेला. पण घरी जाऊन वडिलांना पुन्हा गायला लावलं, समोर वही घेऊन बसलो, तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आलं की ते प्रत्येक कडव्याच्या आधी एक श्वास मुद्दाम मोठ्याने घेतात. मागच्या कोरसला तो इशारा असायचा. तीस वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. लेख छापून आला, वडिलांनी तो लॅमिनेट करून भिंतीवर लावला, आणि दोन वर्षांनी मी लॅबची नोकरी सोडून बाईंच्या मागच्या खोलीत रोजचा बसायला लागलो.

ह्या सगळ्यात राजकारण कुठेच नव्हतं. बाई पेपर वाचायच्या, पण क्लासमध्ये कुणी निवडणुकीचा विषय काढला की तंबोरा हातात घ्यायच्या. तो विषय आमच्याकडे आला तो गाण्यातूनच.

आम्ही लग्नगीतांवर एक मालिका करत होतो. ठाण्याच्या बाजूची जुनी गावं, भातशेती आणि मिठागरं करणाऱ्या लोकांची, आता सगळी टॉवरांच्या पोटात गेली आहेत. तिथं लग्नाचे विधी गाण्यातून करणाऱ्या बाया असतात, त्यांना धवलारीण म्हणतात. बाळकुमच्या पलीकडे अशी एक म्हातारी राहते असं कळलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिच्या घरच्या जमिनीवरच टॉवर उभा राहिलेला आणि मोबदल्यात मिळालेल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती मुला-सुनेबरोबर राहायची. मी गेलो तर ती गॅलरीत सुकट निवडत बसलेली. सून म्हणाली, "आई, हे गाण्याचे आलेत."

म्हातारीने दोन तास गायलं. थांबून थांबून अर्थ सांगितला. एका गाण्यात नवरीच्या हळदीसाठी पाणी आणायला बाया निघतात. विहिरीवर जातात, झऱ्यावर जातात, मग गावच्या तलावावर. मी सहज विचारलं, "आजी, हा तलाव कुठाय? फोटो घेतो."

तिने मला हाताला धरून गॅलरीच्या टोकाला नेलं. "त्यो बघ. पत्र्यांच्या मागं."

खाली निळ्या पत्र्यांचं कुंपण होतं. आत डेब्रिजचे ढीग, एक जेसीबी, आणि कोपऱ्यात हिरवट पाण्याचा एक तुकडा.

"हा तलाव?"

"व्हता. माजे सासूनं पानी आनलान, मी आनलाय. आता कसलं ते क्लब हाऊस हुनार हाय." मग ती पुन्हा सुकटीकडे वळली. तक्रारीचा सूर नव्हता. पाहुण्याला घर दाखवावं तसं तिने दाखवलं.

लेखाच्या शेवटी मी एक ओळ टाकली: 'गाण्यातला तलाव आता बुजवण्यात आला आहे.' प्रूफ बाईंकडे गेलं आणि अर्ध्या तासात हाक आली.

"हे तुम्ही ऐकलंत का?"

"पाहिलं बाई. डोळ्यांनी."

"तुम्ही ढीग पाहिलेत. तलाव होता हे आजी सांगतात. बुजवण्यात आला म्हणजे कोणी बुजवला? परवानगी होती की नव्हती? हे वाक्य असं कसं लिहिलंत, कर्ता नाही त्याला."

मला वाटलं, प्रकरण नको असेल. म्हटलं, "काढून टाकतो ओळ. तसाही गाण्याचा लेख आहे."

बाईंनी चष्मा काढला. "काढायची कशाला? खरी असेल तर राहायलाच हवी. खरी आहे का ते बघून या. लेख पुढच्या महिन्यात घेऊ."

मासिकाने कूस बदलली ती इथे. कसला ठराव नाही, मीटिंग नाही. एक ओळ तपासायची होती, एवढंच.

ती ओळ तपासायला पाच महिने लागले. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं की सदर ठिकाणी तलाव असल्याची नोंद आढळत नाही. मी ते घेऊन बाईंकडे गेलो आणि म्हटलं, संपलं. बाई म्हणाल्या, "आढळत नाही म्हणतायत. नव्हता असं कुठं म्हणतायत?" मग आम्ही जुने नकाशे मागवले. आले तेही, पण मला त्यातलं काही कळेना. रेघा, आकडे, पुसट शिक्के.

तेव्हा बाईंना आमचा एक वर्गणीदार आठवला. खडवलीला राहणारे एक निवृत्त भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारे सरकारी नोकर. नाट्यसंगीताचे वेडे. दर अंकातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने खुणा करून आम्हाला परत पाठवायचे. मी त्यांच्याकडे जरा घाबरतच गेलेलो. खडवलीला उतरून पंधरा मिनिटं चाललो, तर काका अंगणात खुर्ची टाकून तयारच. नकाशे हातात घेतल्यावर त्यांचा चेहराच पालटला. जमिनीवर चटई अंथरून दोन्ही नकाशे शेजारी शेजारी पसरले, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि गुडघ्यांवर बसले.

"हा जुना. ही निळसर कड दिसतेय? हे तळं. हा नवा. नंबर तोच, हद्द तीच. आत काय लिहिलंय वाचा."

"पड."

"पड जमीन. तळं पुसलेलं नाही हं. पुसलं असतं तर डाग राहिला असता. दुसरा नकाशा करताना ते काढलंच नाही. हा दुसरा नकाशा कोणाच्या सांगण्यावरून केला, ते शोधा. फाइलीत एखादं पत्र असणार. असतंच."

निघताना मी म्हटलं, काका, तुमचं नाव आभारात घालू का? म्हणाले, "नाव नको. मागच्या अंकात 'आशीर्वाद' चुकलाय, तेवढं सांगा बाईंना."

पत्र होतं. ते मिळवायला एक अपील आणि एक सुनावणी लागली. त्यात लिहिलं होतं की इथे कधीच तलाव नव्हता, पावसाचं पाणी साचतं, आणि हे आपण जन्मापासून पाहत आलो आहोत. खाली त्या भागातल्या एका पुढाऱ्याची सही. सही पाहून मी कार्यालयाच्या जिन्यातच बसलो. हा माणूस दर हिवाळ्यात मोठा संगीत महोत्सव भरवायचा. आम्ही पहिल्या रांगेत बसायचो. आमच्या मासिकाच्या मागच्या कव्हरवर वर्षानुवर्षं त्याचीच जाहिरात. आणि त्याची मुलगी बाईंकडे गाणं शिकत होती. बाईंच्या हाताखालची सगळ्यात सुरेल मुलगी होती ती.

मी पत्र बाईंच्या समोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. पुढच्या खोलीत क्लास चालू होता, कुणीतरी भूप घोटत होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता त्यांना विचारायचं. त्यांची बाजू ऐकल्याशिवाय कसं छापणार?" आणि त्यांनी फोन उचलून स्वतः त्या माणसाला फोन केला.

तो दुसऱ्याच दिवशी आला, एकटा. दारात चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, सतरंजीवर मांडी घालून बसला. चहा घेतला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही गाण्याचं लिहा ना. आम्ही तुमचा अंक मानाने घरात ठेवतो. हे असलं लिहायला पेपरवाले आहेत की."

"हे गाण्यातच आलंय," बाई म्हणाल्या. "पत्रावरची सही तुमची आहे का?"

"सही माझी आहे. अशा शंभर सह्या करतो मी दिवसाला. कशावर केली, काय आठवणार?"

"तलाव होता की नव्हता, ते तरी आठवत असेल. तुम्ही तिथलेच. पोहायला गेला असाल लहानपणी."

तो माणूस कपातल्या चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गेलोय."

"हे छापू का?"

"तुम्हाला जे योग्य वाटतं ते करा." उठला, पुन्हा नमस्कार केला आणि गेला. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

मी तेव्हा दिव्याला भाड्याने राहत होतो. बायको, चार वर्षांची मुलगी. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खरं आहे ना? कागद आहेत ना हातात? मग मला कशाला विचारतोस?" पण त्यानंतर काही दिवस ती मुलीला बालवाडीत सोडायला स्वतःच जायची, शेजारणीबरोबर पाठवायची नाही. ते मी पाहिलं होतं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, ह्याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे.

वडिलांना सांगायला कल्याणला गेलो. त्यांना आधी विषयच कळेना. म्हणजे तलावाचा कळला, आमची घालमेल कळेना. "गाण्याच्या पुस्तकात हे छापावं का, असं लोक विचारतील," मी समजावलं. वडील हसले. "अरे, आम्ही स्टेजवर उभं राहून गाण्यात कुणाकुणाला जाब विचारलाय. पाणवठ्यावरच गाणी होती आमची निम्मी. तेव्हा कोण म्हणालं नाही, की हे गाण्यातलं नाही म्हणून." मग आत बघून आईला म्हणाले, "ह्याला जेवायला वाढ, उगाच टेन्शन घेऊन बसलाय."

अंक निघाला. मुखपृष्ठावर दरवेळी कुणा गायकाचा फोटो असायचा, ह्या वेळी दोन नकाशे शेजारी शेजारी. आत धवलारणीचं गाणं, तिची मुलाखत, मग तलावाची हकिगत, पत्र, आणि त्या माणसाचं उत्तर जसंच्या तसं. 'गेलोय' हा शब्दसुद्धा. कचेरीत आजही त्याला तलावाचा अंक म्हणतात.

पुढचे दोन महिने वाईट होते. मागच्या कव्हरची जाहिरात बंद झाली. महोत्सवाचं आमंत्रण आलं नाही. पत्रं यायची. आम्ही रागदारीसाठी अंक घेतो, उद्या तुम्ही गटारांवर विशेषांक काढाल, वर्गणी थांबवा. एका ज्येष्ठ तबलजींनी फोनवर बाईंना चांगलंच सुनावलं. बाईंनी प्रत्येक पत्राला हाताने उत्तर लिहिलं. मी एक-दोन चोरून वाचली होती. वाद कुठेच नव्हता. लेखात काय चूक आहे ते कळवा, दुरुस्त करू, एवढंच. रिकाम्या झालेल्या मागच्या कव्हरवर त्यांनी धवलारणीने दिलेलं दुसरं गाणं छापलं, तिचा फोटो घालून. तो अंक म्हातारीच्या टॉवरमध्ये घराघरांत गेला असं सुनेने फोनवर सांगितलं.

त्या माणसाची मुलगी क्लासला यायची थांबली होती. बाई काही बोलायच्या नाहीत, पण तिच्या क्लासच्या वारी तिचा तंबोरा काढून, जुळवून, भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि क्लास सुटला की पुन्हा गवसणीत घालायच्या. चौथ्या की पाचव्या आठवड्यात ती आली. दारात उभी राहिली. "बाई, येऊ?"

"उशीर झालाय. बस. षड्ज लाव."

मी मागच्या खोलीत होतो. तिचा सा लागला आणि थरथरला, पुन्हा लागला, मग स्थिर झाला. मी हातातलं काम ठेवून दिलं. ती आजही शिकते, आता स्वतः कार्यक्रम करते. वडिलांविषयी तिने आमच्याकडे कधी अवाक्षर काढलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तलावाचं काय झालं? सगळा तलाव परत आला असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. दोन पेपरांनी आमची बातमी उचलली, गावातल्या लोकांनी निवेदन दिलं, काम थांबलं, फेरमोजणी झाली. गावच्या देवळाच्या बाजूचा तुकडा खणून मोकळा केला, नव्या नकाशावर त्याची तलाव अशी नोंद झाली. उरलेल्यावर पार्किंग आहे. म्हातारीला भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "गानी लिवाला आलेलास, आन काय करून बसलास रं!" आणि माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्याच वर्षी पावसाळ्याआधी ती गेली.

त्यानंतर आमच्याकडे वेगळ्या प्रकारची पत्रं यायला लागली. दिव्याहून पाण्याचं, कल्याणहून बंद पडलेल्या वाचनालयाचं. गाण्याच्या मासिकाने हे का करावं हा प्रश्न हळूहळू कुणी विचारेनासं झालं. निम्मा अंक गाण्याचा, निम्मा चौकशीचा, अशी सवय वाचकांनाही झाली. काही जुने वाचक परत आले, काही आले नाहीत.

आणि त्यातच माझ्या हातून मोठी चूक झाली. दिव्याच्या पाण्याच्या लेखात मी एका खोट्या अहवालावर कुणाची सही आहे ते लिहिलं. आडनाव बरोबर, आद्याक्षर बरोबर, माणूस चुकीचा. त्याच कार्यालयात त्याच आडनावाचे दोन जण होते. ज्यांचं नाव आलं ते टपाल नोंदवणारे क्लार्क, अहवालाशी काडीचा संबंध नाही. त्यांना कार्यालयातून नोटीस गेली. आम्हाला हे कळलं ते त्यांच्या मुलाच्या ईमेलवरून.

बाईंनी ईमेल वाचून घेतलं. "चूक कुणाची?"

"माझी."

"प्रूफ मी वाचलं होतं. माझीही." त्या उठल्या आणि छत्री घेतली. "चला."

"बाई, मी जातो ना एकटा. फोन करून—"

"फोनवर माफी मागायची गोष्ट आहे का ही?"

ते क्लार्क कल्याण पश्चिमेला चौथ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नव्हती. बाईंचे गुडघे तेव्हाच गेलेले. प्रत्येक मजल्यावर त्या कठडा धरून उभ्या राहायच्या, मी हात पुढे केला की मान हलवायच्या. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्या दारातून बाजूला झाल्या, पण या म्हणाल्या नाहीत. ते स्वतः आत बनियनवर पेपर वाचत बसलेले. शर्ट घालून आले.

मी बोललो. काय चुकलं, कसं चुकलं, सगळं. सबब सांगितली नाही, कारण वर येताना दुसऱ्या मजल्यावर थांबलो असताना बाईंनी तशी ताकीदच दिली होती. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मी एकोणतीस वर्षं आवक-जावक लिहितोय. एक नोंद इकडची तिकडे झाली नाही. आणि तुम्ही एका ओळीत…"

बाई म्हणाल्या, "दुरुस्ती छापतो. तुमच्या कार्यालयाला पत्रही देतो, आजच."

"आतल्या पानावर, कोपऱ्यात छापाल."

"मुखपृष्ठावर," बाई म्हणाल्या.

मुखपृष्ठावर छापली. पांढऱ्या पानावर चार ओळी, दुसरं काही नाही. मी स्वतः त्या ओळी लिहिल्या, बाईंनी एकही शब्द बदलला नाही. छापखानेवाल्याने दोनदा फोन करून विचारलं, नक्की हेच का? इतक्या वर्षांत मी जे काही लिहिलं त्यात मला ते चार ओळींचं कव्हर जवळचं वाटतं. लाज वाटते तशी कृतज्ञताही वाटते, कारण कुणीतरी मला ते लिहायला लावलं. दुसरीकडे असतो तर कुणीतरी मला सांभाळून घेतलं असतं, आणि मी सांभाळून घेतलेलाच राहिलो असतो.

आता संपादक म्हणून माझं नाव छापतात. बाई आठवड्यातून दोन दिवस येतात, क्लास घेतात, प्रूफं चाळतात. तरुण मंडळी आलीत, दोघीजणी तर माझ्यापेक्षा चांगले अर्ज लिहितात. खडवलीचे काका अजून लाल शाई वापरतात.

ती दुरुस्ती छापून अंक टपालात पडल्यावर चार-पाच दिवसांनी कचेरीतला फोन वाजला होता. पलीकडे त्या क्लार्कच्या पत्नी होत्या. "अंक आला," त्या म्हणाल्या. "ह्यांनी ऑफिसला नेलाय दाखवायला. मला दुसरी प्रत हवी होती, घरात ठेवायला. पाठवाल का?"

मी म्हटलं, आणून देतो. आणि त्याच दुपारी कल्याणला जाऊन, चार मजले चढून देऊन आलो.